लाइन अप आहे, मग पिंग का जात नाही?

फ्रेम रिलेच्या लॅबमध्ये शिकणाऱ्यांची गाडी बहुधा एकाच ठिकाणी अडते. सिस्को राउटरवर सीरियल इंटरफेस अप दिसतो, लाइन प्रोटोकॉलही अप दिसतो, आणि पलीकडच्या राउटरला पिंग मात्र जात नाही. ‘लाइन अप म्हणजे पलीकडचा राउटर जोडला गेला’ हा गैरसमज सगळ्यांत जास्त वेळ खातो. राउटर दर १० सेकंदांनी एलएमआयचा (राउटर आणि स्विचमधल्या स्थिती-विचारणीचा) संदेश पाठवतो, पण तो फक्त जवळच्या फ्रेम रिले स्विचला. स्विचचं उत्तर आलं की लाइन प्रोटोकॉल अप. दुसऱ्या टोकाचा राउटर तेव्हा बंद असला तरी इथे काही कळत नाही. ते कळतं ‘शो फ्रेम-रिले पीव्हीसी’मधून (पीव्हीसी म्हणजे दोन राउटरांमधली कायमची आभासी जोडणी): ‘इनॲक्टिव्ह’ दिसलं तर आपली बाजू ठीक आहे, गडबड पलीकडे आहे. ‘डिलीटेड’ दिसलं तर आपण लिहिलेला डीएलसीआय, म्हणजे त्या पीव्हीसीचा क्रमांक, स्विचला बहुधा माहीतच नाही.

दोन्ही टोकांना डीएलसीआय एकच हवा, असंही अनेकांना वाटतं. तशी गरज नाही. हा क्रमांक राउटर आणि त्याच्या स्विचपुरताच असतो. मुख्यालयातून १०२ क्रमांकावर निघालेली फ्रेम शाखेत २०१ वर पोचू शकते. क्रमांक स्विच बदलतो. म्हणून मॅप लिहिताना आयपी पत्ता पलीकडचा आणि डीएलसीआय आपल्या बाजूचा:

फ्रेम-रिले मॅप आयपी १०.१.१.२ १०२ ब्रॉडकास्ट

शेवटचा ‘ब्रॉडकास्ट’ हा शब्द शोभेचा नाही. फ्रेम रिलेला ब्रॉडकास्ट मुळात येतच नाही. हा शब्द असला तर राउटर त्या पीव्हीसीवर वेगळी प्रत काढून पाठवतो. तो विसरलात तर पिंग व्यवस्थित जातं, पण ईआयजीआरपी या राउटिंग प्रोटोकॉलचे हॅलो पोचत नाहीत आणि राउटिंग टेबलमध्ये पलीकडचे मार्ग येत नाहीत.

‘इन्व्हर्स एआरपी आहे, मॅप लिहायची गरजच नाही’ हे अर्धसत्य आहे. एका पीव्हीसीच्या दोन टोकांपुरतं ते खरं. पण दोन शाखांमध्ये थेट पीव्हीसी नसेल, तर त्यांना एकमेकींचा पत्ता इन्व्हर्स एआरपीने कळणार नाही. दोन्हीकडे एकमेकींचा मॅप हाताने लिहून तो मुख्यालयाकडे जाणाऱ्या आपल्या डीएलसीआयवर वळवावा लागतो. यात एक खाच आहे: एखाद्या डीएलसीआयवर आयपीचा स्थिर मॅप लिहिला, की त्या डीएलसीआयवर आयपीसाठी इन्व्हर्स एआरपी बंद होतं. म्हणून दुसऱ्या शाखेचा मॅप लिहिताना मुख्यालयाचाही लिहून टाकावा.

पिंग सुरळीत झालं म्हणजे राउटिंग आपोआप होईल, ही समजूतही टिकत नाही. एका शाखेकडून आलेला मार्ग त्याच इंटरफेसने दुसरीकडे सांगायचा नाही, हा स्प्लिट होरायझनचा नियम. आरआयपीसाठी सिस्को मुख्य इंटरफेसवर तो स्वतःच बंद ठेवतं, सबइंटरफेसवर चालू. ईआयजीआरपीचा स्प्लिट होरायझन मात्र वेगळ्या कमांडने बंद करावा लागतो. ओएसपीएफची तऱ्हा आणखी निराळी: मल्टिपॉइंटवर हॅलो ३० सेकंदांनी, पॉइंट-टू-पॉइंटवर १० सेकंदांनी. एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दुसरा प्रकार राहिला, तर शेजारीपण जुळतच नाही. माझं मत स्पष्ट आहे: दर पीव्हीसीला स्वतंत्र पॉइंट-टू-पॉइंट सबइंटरफेस आणि स्वतंत्र सबनेट द्यावं. पत्ते थोडे जास्त लागतात, पण स्प्लिट होरायझन आणि मॅप, दोन्हींची कटकट संपते.

एलएमआयचा प्रकार आणि एन्कॅप्सुलेशन यांचीही गल्लत होते. एलएमआय आपल्या स्विचशी जुळावं लागतं. दोन टोकांना ते वेगळं असलं तरी चालतं. एन्कॅप्सुलेशन दोन्ही राउटरांवर सारखं हवं, आणि पलीकडे दुसऱ्या कंपनीचा राउटर असेल तर ‘आयईटीएफ’ लिहावं.

२०१६ मध्ये फ्रेम रिले सीसीएनएच्या अभ्यासक्रमातून गेलं. तरी डीएमव्हीपीएन उभारणाऱ्याला हबवर ईआयजीआरपी चालवताना स्प्लिट होरायझनचा आणि पत्त्यांच्या मॅपिंगचा नेमका हाच प्रश्न आजही भेटतो.