जर्मन शिका, पण मराठीतून

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकार आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीनं भारतीय कुशल कामगारांना दरवर्षी द्यायच्या व्हिसांची संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचं जाहीर केलं. एके काळी पुण्यातलं रानडे इन्स्टिट्यूट आणि पुण्या-मुंबईतली मॅक्सम्युलर भवनं एवढ्यापुरता असलेला जर्मनचा विषय आता नर्सिंगच्या मुलींच्या, आयटीआयच्या मुलांच्या घरात पोचला आहे. यातली बरीच मुलं मराठी माध्यमात शिकलेली असतात आणि पहिल्याच दिवशी वर्गात अंग चोरून बसतात. ‘माझं इंग्रजी कच्चं आहे, मला जर्मन कसं जमणार?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो.

या मुलांना मला ठामपणे सांगायचं आहे की, जर्मन शिकायला लागणारं निम्मं व्याकरण तुमच्याकडे आधीच आहे आणि ते मराठीनं दिलेलं आहे. अडचण होते ती इंग्रजीच्या वाटेनं जर्मनकडे जाण्यामुळे. क्लासमधली पुस्तकं, मोबाइलवरची अ‍ॅप्स, फळ्यावरची उदाहरणं सगळी इंग्रजीतून समजावलेली असतात. इंग्रजी आणि जर्मन या भाषा बहिणी आहेत हे खरं, त्यामुळे शब्द ओळखायला इंग्रजीचा फायदाही होतो. पण वाक्याच्या रचनेत मराठी माणसाला इंग्रजीपेक्षा मराठीच जास्त उपयोगी पडते.

‘मी घरी राहतो, कारण मी आजारी आहे’ हे साधं वाक्य घ्या. जर्मनमध्ये ‘कारण’साठी ‘वाइल’ हा शब्द येतो आणि तो आला की क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं. ‘वाइल इश क्रांक बिन.’ यात वाइल म्हणजे कारण, इश म्हणजे मी, क्रांक म्हणजे आजारी, बिन म्हणजे आहे. शब्दाला शब्द लावून पाहा, क्रम तंतोतंत मराठीचा आहे. तरीही वर्गात दहातली आठ मुलं ‘वाइल इश बिन क्रांक’ लिहितात, कारण त्यांनी मनात आधी इंग्रजी वाक्य जुळवलेलं असतं. मग शिक्षक म्हणतात, ‘इथे क्रियापद शेवटी टाका, हा अपवाद आहे.’ हा अपवाद इंग्रजीवाल्यांसाठी. लहानपणापासून क्रियापद शेवटीच बोलत आलेल्या मुलाला तो अपवाद म्हणून का शिकवायचा?

वाक्यातल्या इतर शब्दांच्या क्रमाचंही तसंच आहे. जर्मनमध्ये साधारणपणे आधी ‘केव्हा’, मग ‘कसं’ आणि शेवटी ‘कुठे’ येतं. ‘मी उद्या ट्रेननं म्युनिकला जातो’ यात आपोआप तोच क्रम आला. फरक एवढाच की मुख्य वाक्यात जर्मन क्रियापद दुसऱ्या जागेवर ठाण मांडून बसतं. ‘उद्या’नं सुरुवात केली तर लगेच ‘जातो’ आणि त्यानंतर ‘मी’. हा नियम ना मराठीत आहे ना आजच्या इंग्रजीत, तेव्हा तो घोकूनच अंगवळणी पाडावा लागतो. पण ‘जायचं आहे’, ‘जाऊ शकतो’ असं म्हणायचं झालं की ‘जाणे’ पुन्हा वाक्याच्या टोकाला जातं आणि आपण पुन्हा ओळखीच्या वाटेला लागतो.

लिंग हा बहुतेकांना धडकी भरवणारा विषय. डेर, डी, डास ही अनुक्रमे पुल्लिंगी, स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी नामांआधी येणारी उपपदं. हिंदीभाषक विद्यार्थ्याला नपुंसकलिंग ही कल्पनाच नव्यानं समजावून घ्यावी लागते. आपल्याकडे तो, ती, ते आहेतच. अर्थात दोन्ही भाषांमधली लिंगं जुळतात असं नाही. पुस्तक आणि घर दोन्हीकडे नपुंसकलिंगी आहेत, पण आपली खिडकी जर्मनमध्ये नपुंसकलिंगी, आपलं दार तिथे स्त्रीलिंगी आणि खुर्ची पुल्लिंगी. म्हणून शब्द पाठ करताना ‘बुख’, म्हणजे पुस्तक, असा सुटा पाठ करू नका, ‘डास बुख’ असाच करा. वहीत डेर, डी, डाससाठी तीन वेगळ्या रंगांची पेनं वापरणारी मुलं पुढे क्वचितच चुकतात.

शिवाय शब्दाचा शेवट पाहून लिंग ओळखण्याची सवय आपल्याला आहेच, फक्त ती लक्षात येत नाही. ‘पणा’ लागला की पुल्लिंग, तो चांगुलपणा. ‘पण’ लागलं की नपुंसकलिंग, ते शहाणपण. ‘गिरी’ लागली की स्त्रीलिंग, ती गुलामगिरी. जर्मनमध्येही ‘हाइट’ आणि ‘काइट’ हे प्रत्यय लागलेली नामं स्त्रीलिंगी असतात, क्रियापदापासून ‘उंग’ लावून केलेली नामंही स्त्रीलिंगी, आणि लहानपण दाखवणारा ‘शेन’ लागला की नपुंसकलिंग. जोडशब्दाचं लिंग शेवटच्या पदावरून ठरतं, जसं आपल्या ‘राजवाड्या’चं ‘वाड्या’वरून. इस्पितळाला जर्मनमध्ये ‘क्रांकेनहाउस’ म्हणतात, म्हणजे आजाऱ्यांचं घर. घर नपुंसकलिंगी, म्हणून इस्पितळही नपुंसकलिंगी. सातवी-आठवीत समास शिकलेल्या मुलाला ते लांबलचक जर्मन शब्द पाहून घाबरायचं कारण नाही, उजवीकडून डावीकडे सोडवत जायचं.

विभक्तीवर थोडं थांबायला हवं, कारण परीक्षेत सर्वाधिक गुण इथे जातात. ‘मला थंडी वाजते’ हे जर्मनमध्ये ‘मीर इस्ट काल्ट’ होतं. ‘मीर’ म्हणजे मला. इंग्रजीवरून ‘इश बिन काल्ट’ म्हटलं तर त्याचा अर्थ ‘मी थंड काळजाचा माणूस आहे’ याच्या जवळ जातो. मला आवडतं, मी तुला मदत करतो, त्याला उत्तर दे, या सगळ्या ठिकाणी जर्मनमध्ये चतुर्थी येते आणि तिची चाहूल मराठी कानाला आधीच लागते. मात्र इथे एक खड्डा आहे. मराठीत माणसाच्या बाबतीत द्वितीयेलाही ‘ला’ लागतो. ‘मी रामला पाहिलं’ यातला ‘ला’ चतुर्थीचा नव्हे. यावर उपाय सोपा आहे. रामच्या जागी निर्जीव वस्तू ठेवून पाहा. ‘मी घर पाहिलं’ म्हणताना ‘ला’ गळला, म्हणजे जर्मनमध्ये द्वितीया. ही युक्ती शंभर टक्के चालत नाही, पण बहुतेक वेळा वाचवते. विशेषणांचंही असंच. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं मूल आणि विभक्ती लागली की ‘चांगल्या मुलाला’ हे ज्याला न शिकवता येतं, त्याला जर्मन विशेषणांच्या शेपट्या का बदलतात हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

आता आकडे. ऐकण्याच्या परीक्षेत फोन नंबर, भाव, गाडीच्या वेळा येतात आणि ४७ ऐकून मुलं ७४ लिहितात. जर्मनमध्ये ‘सात आणि चाळीस’ असं म्हणतात, एकक आधी, दशक नंतर. आपलं सत्तेचाळीस नेमकं तसंच आहे, पंचवीस तसंच, बावीस तसंच. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘पन्नास सात’ अशी वाचनपद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता हे अनेकांना आठवत असेल. जर्मनीतही अशाच वाचनपद्धतीसाठी ‘त्स्वान्त्सिश-आइन्स’, म्हणजेच ‘वीस-एक’, या नावाची एक संस्था आहे. बोलताना आकडे लिहिण्याच्याच क्रमानं बोलावेत, असा तिचा आग्रह आहे. जी मुलं घरात मराठी पाढे म्हणत वाढली, त्यांना या प्रश्नात गुण गमवायचं कारण नाही. ऐकताना मनात फोर्टी सेव्हन आणू नका, सत्तेचाळीस आणा.

उच्चारात मराठीचा फायदा आहे, तोटाही आहे. जर्मन ‘झेड’चा उच्चार ‘चाक’ आणि ‘चमचा’ यातल्या च सारखा आहे. हा आवाज काढायला अनेक देशांतल्या विद्यार्थ्यांना मेहनत पडते. पण आपले ट आणि ड टाळूवर आपटतात, जर्मन ट-ड दातांच्या मुळाशी हलके लागतात. शब्दाच्या शेवटचा ग हा बहुतेकदा क सारखा आणि ड हा ट सारखा होतो. ओठांचा चंबू करून ‘ई’ म्हणण्याचा जो स्वर आहे, तो आपल्याकडे नाही, आरशासमोर उभं राहूनच तो जमतो. या लेखात जर्मन शब्द देवनागरीत लिहिले आहेत ते केवळ ओळखीसाठी. वहीत तसं लिहू नका, उच्चार कानानंच घ्या. त्यासाठी डॉइच वेल्ले या जर्मन प्रसारण संस्थेची ‘निकोस वेग’ ही ए-१ ते बी-१, म्हणजे प्राथमिक ते मध्यम, पातळीची मालिका आणि सावकाश वाचलेल्या रोजच्या बातम्या फुकट उपलब्ध आहेत.

वेळेबद्दल स्वतःची फसवणूक करून घेऊ नका. ‘तीन महिन्यांत बी-१’ अशा पाट्या रस्तोरस्ती दिसतात. गोएथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार बी-१ गाठायला ४५ मिनिटांच्या ३५० ते ६५० तासिका लागतात. या परीक्षेचे वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग असतात, प्रत्येकात १०० पैकी ६० गुण हवेत आणि चारही भाग वेगवेगळे देता येतात. सगळे एकदम द्यायचा हट्ट धरून पैसे आणि धीर दोन्ही घालवण्यापेक्षा तयारी होईल तसे भाग द्या. परिचारिकांना तर तिथे पूर्ण मान्यता मिळून काम करायला साधारणपणे बी-२ ही त्यापुढची पातळी लागते, तेव्हा बी-१च्या प्रमाणपत्रावर थांबण्याचा विचारच करू नका.

आणि तिथे गेल्यावर कानावर पडणारी भाषा पुस्तकातली नसेल. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य १९९९ पासून २०२१ पर्यंत स्वतःच्या जाहिरातीत अभिमानानं म्हणत असे की, आम्हाला सगळं येतं, फक्त प्रमाण जर्मन येत नाही. तिथे स्वाबियन आणि इतर बोली बोलल्या जातात. त्याच राज्यातल्या हायडेलबर्ग विद्यापीठाचे गुंथर सोन्थायमर यांनी उलट दिशेनं हा प्रवास केला होता. ते मराठी शिकले आणि थांबले नाहीत, धनगरांच्या वाड्यांवर बसून त्यांनी ओव्या ऐकल्या, जेजुरीचा खंडोबा समजून घेतला. प्रमाण भाषा शिकून झाल्यावर तिथल्या माणसांत बसण्याची ही तयारी आपल्या मुलांनीही ठेवायला हवी.

जर्मन शिकवणाऱ्या सगळ्यांना एक विनंती आहे. तुमच्या वर्गात मराठी मुलं असतील, तर विभक्ती आणि वाक्यरचना शिकवताना फळ्यावर जर्मन वाक्याखाली मराठी वाक्य लिहा. पाठ्यपुस्तकात नसलं तरी लिहा. आणि विद्यार्थ्यांनो, शिक्षकांनी लिहिलं नाही, तर तुमच्या वहीत तुम्ही लिहा.