जुना कॅमेरा घेऊन बाहेर पडताना

वडोदरा शहरात विश्वामित्री नदीच्या काठी सयाजीबाग नावाचे एक विस्तीर्ण उद्यान आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या कारकिर्दीत, १८७९ साली ते उभारले गेले. जुनी माणसे त्याला अद्यापही कमाटीबाग म्हणतात. रविवारी सकाळी तेथे फिरणाऱ्यांच्या गर्दीत क्वचित एखादी व्यक्ती काळा, पेटीसारखा कॅमेरा डोळ्याशी लावून उभी असलेली दिसते. ती एकदा कळ दाबते, मग कॅमेऱ्याच्या पाठीवरील लहानशा तांबड्या खिडकीत डोकावत बाजूची मूठ सावकाश फिरवते, आणि पुन्हा पाच-दहा मिनिटे कॅमेऱ्याला हात लावीत नाही. खिशातल्या दूरध्वनीवर क्षणात पन्नास चित्रे टिपणाऱ्यांना हा प्रकार विक्षिप्त वाटतो. परंतु त्या कॅमेऱ्यात एका वेळी बाराच चित्रे मावतात, आणि ती कशी आली हे घरी जाऊन फिल्म धुतल्याखेरीज कळत नाही, एवढे ध्यानात घेतले म्हणजे तिच्या वागण्याचा उलगडा होतो.

हा कॅमेरा बहुधा आग्फा क्लिक-तीन असतो, आणि तो याच शहरात तयार झालेला असतो. जर्मनीतील आग्फा कंपनीच्या सहकार्याने वडोदऱ्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीज या कारखान्यात क्लिक आणि आयसोली या नावांचे साधे कॅमेरे बनत असत. परदेशी कॅमेरा आणणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होते त्या दशकांत भारतातील कितीतरी घरांत आलेला पहिला कॅमेरा हाच होता. मुंज, बारसे, सहल, नव्या स्कूटरपुढे उभे राहिलेले कुटुंब, हे सारे त्याच्याच भिंगातून गेले आहे. कॅमेऱ्याप्रमाणेच फिल्मही देशात बनू लागली होती. तमिळनाडूतील उदगमंडलम येथे १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी उद्योगाची ‘इंदू’ ही काळी-पांढरी फिल्म त्या पिढीच्या चांगल्या परिचयाची होती. आज तो कारखाना बंद आहे. जर्मनीतही आग्फाफोटो कंपनीचे २००५ साली दिवाळे निघाले. कॅमेरे मात्र माळ्यांवर, कपाटांच्या तळाशी आणि जुन्या बाजारातील पथारीवर टिकून आहेत. त्यांना लागणारी फिल्मही अजून मिळते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.

याचे कारण त्या फिल्मच्या आकारात आहे. क्लिकमध्ये बसते ती १२० क्रमांकाची फिल्म कोडॅक कंपनीने १९०१ साली बाजारात आणली. तेव्हापासून तिचे माप बदललेले नाही. इंग्लंडची इलफर्ड, झेक प्रजासत्ताकातील फोमा आणि अमेरिकेची कोडॅक या कंपन्या ती आजही बनवितात. म्हणून जुना कॅमेरा विकत घेताना त्याच्या देखणेपणापेक्षा त्यात कोणती फिल्म बसते हे आधी पाहावे. १२० क्रमांकाचा किंवा ३५ मिलिमीटरचा कॅमेरा असेल तर चिंता नाही. १२७ किंवा ६२० क्रमांकाचा असेल तर फिल्म शोधण्यातच उत्साह संपून जाण्याचा संभव अधिक.

परंतु कॅमेरा घरातलाच असेल, तर सर्वांत आधी एक पथ्य पाळावयाचे असते. ते न पाळल्यामुळे आमच्या घरी काय घडले ते येथे सांगतो.

वडिलांच्या निधनानंतर काही वर्षांनी, २०१७ साली, त्यांची ट्रंक आवरताना त्यांचा क्लिक कॅमेरा हाती लागला. ‘बघू या, आत काही आहे का,’ असे म्हणत धाकट्या भावाने खटका दाबून त्याची पाठ उघडली. आत फिल्म होती. मी ओरडलो तशी त्याने पाठ मिटली, पण तेवढ्या दोन-तीन क्षणांत खिडकीतले ऊन आत शिरावयाचे ते शिरले. वस्तुतः तांबड्या खिडकीत पाहिले असते तर सात हा आकडा स्पष्ट दिसला असता. १२० क्रमांकाच्या फिल्मला पाठीमागे एक अपारदर्शक कागद जोडलेला असतो आणि त्यावर चित्रांचे क्रमांक छापलेले असतात. खिडकीत क्रमांक दिसणे याचा अर्थ फिल्म अजून आत आहे, पाठ उघडावयाची नाही. मूठ फिरवून क्रमांक पुढे सरकवीत जावे. फिल्म पूर्णपणे दुसऱ्या रिळावर गुंडाळली जाऊन खिडकी कोरी झाली की मगच, आणि तेही सावलीत, पाठ उघडावी.

सगळेच नष्ट झाले असे आम्ही धरून चाललो होतो, पण तसे झाले नव्हते. फिल्म रिळावर गुंडाळली जाते तेव्हा पहिले चित्र सर्वांत आत जाते आणि नंतरची चित्रे त्याच्यावर थराथराने बसतात. शिवाय प्रत्येक थराला कागदाचे आवरण असतेच. पाठ उघडली असता प्रकाश शिरतो तो मुख्यतः कडांमधून, आणि त्याचा मारा बसतो तो बाहेरच्या थरांना. फिल्म धुतली तेव्हा पाचवे व सहावे चित्र काळवंडून गेलेले निघाले. चौथ्याच्या दोन्ही कडा गेल्या होत्या. पहिली तीन धुरकट असली तरी शाबूत होती. दुसऱ्या चित्रात माझी थोरली बहीण याच सयाजीबागेत, वडाच्या पारंब्या हाती धरून हसत उभी आहे. हे चित्र १९८४ च्या उन्हाळ्यातले. पुढच्या वर्षी ती आजारपणात गेली. त्या वयातले तिचे दुसरे छायाचित्र आमच्याजवळ नव्हते. वडिलांनी तो रोल पुरा का केला नाही हे आता कुणाला विचारता येणार नाही. मला मात्र कारण समजल्यासारखे वाटते.

तेहतीस वर्षे ती प्रतिमा फिल्मवर कशी राहिली असेल, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. फिल्मवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात चांदीच्या क्षारांचे, मुख्यतः सिल्व्हर ब्रोमाइडचे, अतिसूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. प्रकाश पडला की अशा स्फटिकात चांदीचे मोजके अणू सुटे होतात. तेवढ्याने डोळ्यांना काहीच दिसत नाही. या न दिसणाऱ्या चित्राला सुप्त प्रतिमा म्हणतात. विकासक द्रव्यात बुडविल्यावर ज्या स्फटिकांत असे अणू जमलेले असतात ते सबंधच्या सबंध काळ्या चांदीत रूपांतरित होतात, आणि मूळची ती अदृश्य खूण कोट्यवधी पटींनी वाढून दिसू लागते. ही सुप्त प्रतिमा कालांतराने क्षीण होत जाते. उष्णता व दमटपणा यांनी ती अधिक लवकर पुसट होते. त्याच वेळी प्रकाश न लागलेले स्फटिकही आपसूक बिघडू लागून सगळ्या फिल्मवर धूसरपणा पसरतो. म्हणून जुनी फिल्म धुताना विकासकात बेन्झोट्रायझोलसारखे धूसरपणा रोखणारे द्रव्य अल्प प्रमाणात मिसळतात. अशी फिल्म ज्याच्या त्याच्या हाती सोपवू नये. जुन्या काळ्या-पांढऱ्या फिल्मचा अनुभव असलेला माणूस शोधावा, आणि तो मिळेपर्यंत ती कागदात गुंडाळून, हवाबंद डब्यात घालून थंड जागी ठेवावी. घाई केल्याने काही मिळत नाही.

आता नव्या रोलकडे वळू. फिल्म भरावयाची ती सावलीत, कागद ताणून धरून. खिडकीत १ हा आकडा येईपर्यंत मूठ फिरवावी. खिडकी तांबडी का, याला कारण आहे. हे कॅमेरे ज्या परंपरेतून आले त्या काळच्या फिल्मवर तांबड्या प्रकाशाचा परिणाम होत नसे. आजची काळी-पांढरी फिल्म सर्व रंगांना जागी असते, त्यामुळे कडक उन्हात या खिडकीतूनही डाग पडू शकतो. तीवर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवावा आणि फिल्म पुढे सरकविताना तेवढ्यापुरता उचलावा.

क्लिकच्या भिंगाशी एक लहानशी दांडी असते. तिच्यावर सूर्य आणि ढग अशी चिन्हे आहेत. सूर्यापाशी छिद्र सुमारे एफ-११ इतके असते, ढगापाशी थोडे मोठे. शटरला एकच वेग, सेकंदाच्या तिसाव्या ते पन्नासाव्या भागाच्या आसपास; वंगण सुकले असेल तर त्याहूनही मंद. छायाचित्रकारांचा एक जुना ठोकताळा आहे: स्वच्छ उन्हात एफ-१६ छिद्र ठेवावे, आणि फिल्मची संवेदनक्षमता १०० असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग, ४०० असेल तर चारशेवा भाग प्रकाश द्यावा. या हिशेबाने १०० क्षमतेच्या फिल्मला एफ-११ वर सेकंदाचा दोनशेवा भाग पुरेसा आहे. क्लिक देतो तो सुमारे चाळिसावा, म्हणजे गरजेच्या पाचपट. काळी-पांढरी फिल्म एवढी उधळपट्टी निमूटपणे सोसते. परंतु ४०० क्षमतेची फिल्म घातली तर हेच प्रमाण वीसपट होते, निगेटिव्ह दाट होते आणि आकाश व पांढऱ्या भिंती एकजीव होऊन जातात. सारांश, वैशाखातल्या सकाळी १०० ची फिल्म, श्रावणातल्या ढगाळ दिवशी किंवा उतरत्या उन्हात ४०० ची. ज्यांच्या कॅमेऱ्यात छिद्र व वेग दोन्ही बदलता येतात त्यांना याच ठोकताळ्यावर प्रकाशमापकाशिवाय दिवसभर काम करता येते. जुन्या कॅमेऱ्यांतील सेलेनियमचे प्रकाशमापक बहुधा थकलेले असतात; त्यांच्यावर विसंबण्यापेक्षा स्वतःच्या सावलीकडे पाहावे. सावलीची कड रेखीव असेल तर स्वच्छ ऊन समजावे.

या कॅमेऱ्याला काय जमत नाही हेही जाणून घ्यावे, नाहीतर विनाकारण निराशा पदरी येते. तीन मीटरांच्या आतले काही स्पष्ट येत नाही. वडोदऱ्याच्या जुन्या वस्तीत तांबेकर वाडा आहे. एकोणिसाव्या शतकातील दिवाण भाऊ तांबेकर यांचा हा लाकडी वाडा आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. त्याच्या भिंतींवरील महाभारताची व कृष्णलीलेची चित्रे पाहून कुणाचाही हात कॅमेऱ्याकडे जाईल. पण आतल्या मंद उजेडात क्लिक निरुपयोगी आहे. तेथे तो गळ्यात राहू द्यावा आणि चित्रे डोळ्यांनी पाहावीत. बाहेर मांडवी दरवाजापाशी, किंवा १८९६ साली बांधलेल्या न्यायमंदिराच्या दर्शनी भागासमोर सकाळी नऊच्या सुमारास उभे राहिल्यास मात्र तो आपले काम चोख करतो. साधे भिंग मध्यभागी बऱ्यापैकी रेखीव असते, कडांकडे मऊ होत जाते. काही कॅमेऱ्यांत हा दोष थोडा झाकण्यासाठी फिल्मच किंचित वक्र ताणलेली असते. माणूस मध्ये ठेवला की हा मऊपणा उलट शोभून दिसतो. शटर मंद असल्यामुळे कॅमेरा कपाळाशी टेकवून, श्वास रोखून, कळ हलकेच दाबावी. आणि मूठ फिरविण्यास विसरू नये. विसरलात तर एकाच चौकटीत दरवाजा आणि मामा एकमेकांत मिसळलेले आढळतील.

याच शहरात होमाई व्यारावाला आयुष्याच्या उत्तरार्धात राहत होत्या. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांची ख्याती आहे. स्वातंत्र्याच्या उदयकाळातील दिल्ली त्यांनी रोलिफ्लेक्ससारख्या कॅमेऱ्यांनी टिपली. रोलिफ्लेक्सलाही हीच १२० क्रमांकाची फिल्म लागते, आणि तिच्यावरही बाराच चित्रे येतात. मोठ्या समारंभात बारा चित्रांनंतर रोल बदलावा लागणार हे ठाऊक असलेल्या माणसाला केव्हा कळ दाबावयाची नाही हे शिकावेच लागते. २०१२ साली त्यांचे वडोदऱ्यातच निधन झाले. त्यांचा छायाचित्रसंग्रह आज दिल्लीतील अल्काझी प्रतिष्ठानाकडे आहे. वडोदऱ्याचेच चित्रकार ज्योती भट्ट यांनी गुजरातच्या खेड्यांतील भिंतींवरची लोकचित्रे वर्षानुवर्षे फिल्मवर नोंदवून ठेवली. मातीच्या भिंती सारवल्या जातात, पडतात. त्यांतील पुष्कळ चित्रे आता निगेटिव्हवरच उरली असतील.

घरी फिल्म धुणे कठीण नाही. प्रकाश न शिरणारी एक टाकी, विकासक, हायपो आणि पाणी एवढे साहित्य पुरते. फिल्म रिळावर चढविण्यापुरता पूर्ण काळोख हवा. आपल्याकडील खरी अडचण आहे ती उन्हाळ्याची. विकासकाच्या वेष्टनावरील वेळ बहुधा वीस अंश सेल्सिअससाठी दिलेली असते, आणि मे महिन्यात नळाचे पाणी तिशीच्या वर असते. चोवीस अंशांपर्यंत वेळ सुमारे पाव ते तृतीयांश कमी करून भागते. त्यापुढे वेळ पाच मिनिटांच्या खाली येऊ लागतो आणि फिल्म सारखी धुतली जात नाही. जिलेटिनही मऊ पडून ओरखडते. यावर उपाय म्हणजे परातीत बर्फाचे पाणी घेऊन त्यात विकासकाची बाटली उभी ठेवणे आणि तापमापक उतरण्याची वाट पाहणे. हायपोचे व धुण्याचे पाणीही त्याच तापमानाच्या जवळपास असावे. अचानक गरम पाणी लागले तर जिलेटिनला बारीक सुरकुत्या पडतात आणि त्या पुढे कशानेही जात नाहीत.

धुतलेली निगेटिव्ह धूळ नसलेल्या जागी, न्हाणीघरात दोरीला चिमट्याने टांगून वाळवावी. वाळल्यावर तीन-तीन चित्रांचे तुकडे करून कागदी पाकिटात घालावेत, आणि पाकिटावर शिसपेन्सिलीने दिनांक, स्थळ व चित्रातील माणसांची नावे लिहावीत. शाई पुढे-मागे पाझरते. आमच्या वडिलांनी सगळी निगेटिव्ह नीट जपून ठेवली होती, पण पाकिटांवर नावे लिहिली नव्हती. त्यांतील निम्मी माणसे कोण हे सांगणारे घरात आता कुणी नाही.