फरशीला झिजवतं कोण?

किराणा दुकान नव्याने थाटणाऱ्या एका वाचकांनी विचारलं आहे, "वीस वर्षं टिकेल अशी फरशी कोणती? टाइल्सवाला चकचकीत ग्लेझवाली व्हिट्रिफाइड दाखवतो, वडील कोट्यावर अडून बसलेत."

आधी शत्रू ओळखायला हवा. चपलेचं रबर कुठल्याही फरशीपेक्षा मऊच असतं. पण त्या रबरात रस्त्यावरची कच रुतली, की चपलेचा पॉलिशपेपर होतो आणि फरशी झिजू लागते. ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथे काम करणाऱ्या फ्रीडरिश मोस यांनी १८१२ साली दहा खनिजांची उतरंड लावली. जे दुसऱ्यावर ओरखडा काढतं ते वरच्या पायरीवर. संगमरवरातलं कॅल्साइट तिसऱ्या पायरीवर, ग्रॅनाइटमधलं फेल्डस्पार सहाव्या आणि वाळूतलं क्वार्ट्झ सातव्या. चाकूचं पोलाद साडेपाचच्या आसपास येतं. म्हणजे वाळूचा कण चाकूच्या पात्यालाही ओरबाडतो, मग संगमरवराची काय कथा!

यात आपला भूगोलही येतो, आणि तो भाग मला फार आवडतो. सह्याद्रीचा काळा कातळ बेसॉल्टचा. त्यात क्वार्ट्झ जवळजवळ नसतं, फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन असतं. त्यामुळे पुण्या-साताऱ्याकडे क्रशरमधून निघणारी कच पाचव्या-सहाव्या पायरीवरची. सिंधुदुर्गात कासार्ड्याला मात्र सिलिका वाळूच्या खाणी आहेत, गडचिरोलीकडे ग्रॅनाइट आणि नाइसचे खडक आहेत. तिथल्या मातीत क्वार्ट्झची रेलचेल. तेव्हा एकच टाइल साताऱ्यात आणि कणकवलीत सारखीच टिकेल असं धरून चालू नये.

आता कोट्याचं कोडं. राजस्थानातून येणारा हा दगड चुनखडीचा. कडकपणा तीन-चारच्या घरात, कुठलीही वाळू त्याला ओरखडते. तरीही शाळांच्या व्हरांड्यांत आणि रेल्वेच्या फलाटांवर तो वर्षानुवर्षं लोळण घेणाऱ्या सामानाखाली टिकून असतो. कसा?

याचं उत्तर झिजेच्या नियमात आहे. दाब जितका जास्त आणि घासण्याचं अंतर जितकं जास्त, तितकी झीज जास्त. पृष्ठभाग जितका कडक तितकी कमी. हा नियम जगभर आर्चर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाच्या नावाने शिकवतात, त्यांचा निबंध १९५३चा. पण घर्षणात जेवढं कार्य खर्ची पडतं त्या प्रमाणात पदार्थ झिजतो, हे थिओडोर राय या जर्मन गणितज्ञाने १८६० सालीच मांडलं होतं. राय यांचं नाव पुढे भूमितीत झालं. झिजेचं त्यांचं गृहीतक इटलीतल्या अभियांत्रिकीच्या वर्गांत ब्रेकच्या आरेखनासाठी टिकून राहिलं, इंग्रजी पाठ्यपुस्तकांनी मात्र त्याची फारशी दखल घेतली नाही. त्र्याण्णव वर्षं आधी सांगितलेल्या गोष्टीचं श्रेय मूळ माणसालाही मिळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

हा नियम किती पदार्थ जाईल ते सांगतो. गेल्यावर खाली काय उरतं, ते जाडीवर ठरतं. कोट्याची लादी वीस-पंचवीस मिलिमीटर, वरपासून खालपर्यंत एकच दगड. झिजली तरी खाली कोटाच, आणि पॉलिश मारून ती पुन्हा नवी करता येते. ग्लेझ टाइलवर कडक थर आणि नक्षी दोन्ही एका मिलिमीटरपेक्षाही पातळ. ती गेली की गल्ल्यासमोर, जिथे गिऱ्हाईक उभ्या जागी वळतं, तिथे नेमका फिकट डाग दिसू लागतो. डबल चार्ज व्हिट्रिफाइडमध्ये रंगाचा थर तीन-चार मिलिमीटर असतो, फुल बॉडीमध्ये रंग आरपार जातो.

म्हणून 'स्क्रॅचप्रूफ' या शब्दावर विसंबू नये. ग्लेझ टाइलच्या खोक्यावर पीईआय वर्ग असेल तो बघावा. या चाचणीत टाइलवर पोलादी गोळ्या आणि अपघर्षक भुकटी पाण्यासह फिरवतात, आणि कितव्या फेरीला झीज डोळ्यांना दिसते ते पाहतात. पाचव्या वर्गाला बारा हजारांहून जास्त फेऱ्या सोसाव्या लागतात, शिवाय डागाची परीक्षाही द्यावी लागते. दुकानाला चारच्या खालचा वर्ग घेऊ नये.

माझं मत वडिलांच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. कोटा आम्लाला हळवा असतो. नमुन्याच्या तुकड्यावर लिंबाचे दोन थेंब टाकून बघा, कॅल्साइट फसफसतं आणि पुसल्यावर तिथली चकाकी गेलेली दिसते. चिंच, व्हिनेगर सांडलं की लगेच पुसायला हवं, आणि फरशी पुसायला आम्लाचा क्लीनर कधीच वापरायचा नाही. तेलाचे डागही तो शोषतो, म्हणून सीलर लावून घ्यावा. हे रोज सांभाळणं जमणार नसेल, तर मॅट फिनिशची फुल बॉडी व्हिट्रिफाइड घ्या. पावसाळ्यात ओल्या चपलांखाली गुळगुळीत टाइलवर पाण्याचा पापुद्रा धरतो आणि पाय सरकतो. मॅटचा खडबडीतपणा त्या पापुद्र्यातून वर डोकावतो.

दाराशी काथ्याचं पायपुसणं मात्र दोन्ही पावलं पडतील इतकं लांब हवं, आणि ते रोज बाहेर झटकायला हवं. त्यात अडकलेली कच फरशीवर येत नाही.

व्हिट्रिफाइड पाणी जेमतेम अर्धा टक्का शोषते, त्यामुळे साध्या सिमेंटच्या मालाला ती नीट धरत नाही. टाइल अ‍ॅडेसिव्हच वापरायला सांगा, आणि तेही चार ठिपके देऊन नव्हे, तर पूर्ण पाठीला. खाली पोकळी राहिली, तर भरल्या रॅकच्या पायाखाली टाइल तडकते. गवंड्याचे पैसे चुकते करण्याआधी प्रत्येक टाइलवर काठीने ठोकून आवाज ऐका. पोकळ वाजेल ती काढून पुन्हा बसवून घ्या.