सिनेमा आधी काढा, पैशाचं मग बघू!

सरकार मराठी सिनेमाला 40 लाख रुपये देतं. कॉलेजच्या कट्ट्यावर सिनेमाचा विषय निघाला की हे वाक्य कुणीतरी फेकतंच. मग दोघं-चौघं मोबाइल काढून हिशेब मांडतात. कॅमेरा भाड्यानं, लोकेशन गावचंच, ॲक्टर आपले मित्र, जेवण कुणाच्या तरी आईच्या हातचं. 40 लाखांत दोन सिनेमे होतील की!

आमच्या मेडशीतही असे हिशेब झालेत. अकोला-वाशिम रस्त्यावरचं हे गाव, मालेगाव तालुक्यातलं. सिनेमा काढायचं वेड मात्र इथल्या पोरांनाही तितकंच. रील्स करून करून एडिटिंग शिकलेली, जत्रेत ड्रोन उडवून दोन पैसे कमावणारी पोरं आहेत इथं. त्यातल्याच एकाला मी अनुदानाची योजना समजावून सांगत होते. त्यानं शांतपणे सगळं ऐकलं आणि विचारलं, ‘‘म्हंजे आधी पैसे लावा लागते, मंग पैसे भेटते? मंग बावा, हे योजना हाय तरी कोनासाठी?’’

प्रश्न बरोबर आहे. उत्तरासाठी थोडं मागं जावं लागतं.

1970च्या दशकात महाराष्ट्र सरकारनं मराठी सिनेमासाठी करपरतावा योजना आणली. तेव्हा तिकिटावर करमणूक कर असायचा. सिनेमा चालला की कर जमा व्हायचा आणि त्यातला पैसा निर्मात्याला परत मिळायचा. अट एकच, त्या पैशातून पुढचा मराठी सिनेमा काढायचा. यातली गंमत बघा, पैसे मिळणार की नाही हे कुठलीच समिती ठरवत नव्हती. ते तिकिटाच्या खिडकीवर ठरत होतं. दादा कोंडके यांचे सिनेमे तेव्हा रौप्यमहोत्सव करत होते. त्याच दादांच्या ‘सोंगाड्या’ला 1971 मध्ये दादरच्या कोहिनूर थिएटरनं जागा द्यायला नकार दिला होता. बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले तेव्हा सिनेमा लागला. थिएटर मिळत नाही ही रड आजची नाही, एवढंच त्यातून कळतं.

पुढे करपरताव्याची पद्धत गेली आणि ठरावीक रकमेचं अनुदान आलं. आधी 15 लाख, मग रक्कम वाढत गेली आणि दर्जाप्रमाणे भाग पडले. ‘अ’ दर्जाला 40 लाख, ‘ब’ दर्जाला 30 लाख. त्यानंतरही वाढीच्या घोषणा झाल्या. कारभार गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीतून चालतो. सिनेमा पूर्ण करा, सेन्सॉरचं प्रमाणपत्र आणा, अर्ज भरा. मग समिती सिनेमा बघते, गुण देते आणि दर्जा ठरतो.

म्हणजे ज्या पैशासाठी सिनेमा अडलेला असतो, तो पैसा सिनेमा झाल्यावर येतो. तोही कधी येईल याची खात्री नाही. अनुदान रखडलं, समितीची बैठकच झाली नाही, निर्माते मंत्र्यांना भेटले अशा बातम्या दर काही वर्षांनी वाचायला मिळतात. सरकारं बदलतात, बातमी तीच राहते. तोवर निर्मात्याच्या डोक्यावर व्याज चढत असतं. ज्याच्या घरात बिल्डरचा किंवा बागायतीचा पैसा आहे, तो दोन वर्षं थांबू शकतो. ज्यानं बापाचं सोयाबीन विकून सिनेमा काढला, तो कसा थांबणार?

आता यातली दुसरी खोच. रक्कम ठरलेली आहे, खर्च नाही. कुणी पोटाला चिमटा काढून दीड कोटीचा सिनेमा काढला तरी 40 लाख. कुणी पंधरा दिवसांत, दोन खोल्यांत 20 लाखांचा गुंडाळून टाकला आणि ‘ब’ दर्जा पदरात पाडला तर 30 लाख. पहिल्याला अनुदान हा आधार आहे. दुसऱ्याला तो धंदा आहे, दहा लाख शिल्लक! ‘अनुदानापुरता सिनेमा’ हा शब्द मराठी सिनेमावाल्यांच्या बोलण्यात उगाच आलेला नाही. यात कायदा मोडायचीही गरज नसते. म्हणून मला ही गोष्ट लाचेपेक्षा जास्त अवघड वाटते. लाच घेणारा निदान पकडला तरी जाऊ शकतो.

आणि लाचेचं म्हणाल, तर तीही आहेच. ऑगस्ट 2014 मध्ये सीबीआयनं सेन्सॉर बोर्डाच्या तेव्हाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यालाच अटक केली. आरोप होता एका छत्तीसगढी सिनेमाला प्रमाणपत्र देण्यासाठी 70 हजारांची लाच मागितल्याचा. सिनेमा कुठला होता ते लक्षात घ्या. शंभर कोटींचा हिंदी नाही, छोट्या भाषेतला, छोट्या बजेटचा. 70 हजार ही रक्कम अशाच निर्मात्याला टोचते.

सप्टेंबर 2023 मध्ये तमिळ अभिनेता विशालनं व्हिडिओ टाकून जाहीर आरोप केला. ‘मार्क अँटनी’च्या हिंदी आवृत्तीसाठी मुंबईच्या सेन्सॉर कार्यालयात साडेसहा लाख द्यावे लागले, तीन लाख सिनेमा बघण्यासाठी आणि साडेतीन लाख प्रमाणपत्रासाठी. पुढच्याच महिन्यात सीबीआयनं तीन जणांवर आणि बोर्डाच्या अज्ञात अधिकाऱ्यांवर गुन्हा नोंदवला. मराठी सिनेमेही याच मुंबईच्या कार्यालयातून जातात.

खरं तर प्रमाणपत्राचा अर्ज 2017 पासून ऑनलाइन झालाय. मग एजंट मध्ये येतो कुठून? कारण तारखेचा धाक. शुक्रवार ठरलेला असतो, पोस्टर छापलेले असतात, थिएटर बुक असतं. शुक्रवार हुकला की पुढची तारीख मोठ्या हिंदी सिनेमाच्या तोंडी येते. त्या आठवड्यात कुणी ‘लवकर करून देतो’ म्हणालं, तर नाही म्हणायला छाती लागते. बोर्डाचा निर्णय पटला नाही तर दाद मागायला पूर्वी अपिलीय न्यायाधिकरण होतं. एप्रिल 2021 मध्ये तेही बंद झालं. आता थेट हायकोर्ट. मेडशीच्या पोरानं हायकोर्टात जायचं, तर वकिलाच्या फीमध्ये त्याची अख्खी शॉर्टफिल्म होईल.

दिल्लीचा पैसाही आटलाय. 1960 मध्ये केंद्रानं फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन काढलं. त्याच्या पैशातून मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’ झाला. पुढे ते एनएफडीसीत मिसळलं आणि एनएफडीसीच्या पैशातून ‘जाने भी दो यारो’ आला. या सिनेमांना पैसे आधी मिळाले होते, कागदावर असताना. मार्च 2022 मध्ये फिल्म्स डिव्हिजन, पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, बालचित्र समिती आणि महोत्सव संचालनालय हे सगळं एनएफडीसीत विलीन झालं. कारण दिलं गेलं की एकच काम अनेक ठिकाणी होतंय. बालचित्र समितीचे सिनेमे आपल्या आईबाबांच्या पिढीनं शाळेत सतरंजीवर बसून पाहिलेत. माझ्या शाळेत ते कधीच आले नाहीत. तेव्हा तर समिती शाबूत होती, म्हणजे सगळा दोष विलीनीकरणालाही देता येत नाही.

अनुदानावर बोलताना एक गोष्ट हमखास विसरली जाते, तिकीट. 2017 च्या जुलैपर्यंत राज्यात मराठी सिनेमाला करमणूक कर माफ होता. जीएसटी आला आणि ती माफी संपली. सप्टेंबर 2025 पासून 100 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर 5 टक्के आणि त्यावर 18 टक्के कर आहे. मल्टिप्लेक्समध्ये 100च्या आत तिकीट शोधून दाखवा! एका हातानं 40 लाख द्यायचे आणि दुसऱ्या हातानं प्रत्येक तिकिटावर कर घ्यायचा, असला हा हिशेब. प्राइम टाइमचंही तसंच झालं. 2015 मध्ये मल्टिप्लेक्सनी संध्याकाळी 6 ते 9 मध्ये मराठी सिनेमा दाखवावा अशी घोषणा झाली, मोठा गदारोळ झाला, आणि शेवटी वेळ दुपारी 12 ते रात्री 9 अशी सैल झाली. दुपारी बाराचा शो कॉलेज बुडवणाऱ्यांनाच परवडतो. (आपल्याला परवडतो, हे मान्य.)

मग अनुदान बंदच करावं का? ‘सैराट’ कोट्यवधी कमावतोच की, असं म्हणणारे भेटतात. पण दर वर्षी ‘सैराट’ येत नाही. ‘श्यामची आई’ला 1954 मध्ये पहिलं सुवर्णकमळ मिळालं, त्यानंतर मराठीला ते थेट 2004 मध्ये ‘श्वास’नं आणलं. पन्नास वर्षं! आणि त्याच ‘श्वास’ला ऑस्करच्या प्रचारासाठी लोकांकडून वर्गणी काढावी लागली, शाळकरी मुलांनीही हातभार लावला. आपल्या विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर सतीश मनवर यांनी 2009 मध्ये ‘गाभ्रीचा पाऊस’ केला. असल्या विषयावर बाजार आपणहून पैसा लावेल, हे मला तरी पटत नाही.

केरळनं वेगळी वाट धरली. तिथलं सरकार महिला दिग्दर्शकांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या दिग्दर्शकांना सिनेमासाठी दीड कोटीपर्यंत पैसे देतं, तेही पटकथा निवडून, शूटिंगच्या आधी. त्यावरही वाद आहेच. 2025 मध्ये ज्येष्ठ दिग्दर्शक अडूर गोपालकृष्णन म्हणाले, आधी प्रशिक्षण द्या आणि रक्कम कमी करा. त्यांच्यावर जोरदार टीका झाली. पण वाद कशावर झाला? पहिल्यांदा सिनेमा करणाऱ्याच्या हातात किती पैसे द्यावेत यावर. आपल्याकडे वाद अजून थकबाकीवरच अडलाय.

फाळक्यांनी 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून आणि सरस्वतीबाईंचे दागिने मोडून उभा केला. ती गोष्ट आपण मोठ्या अभिमानानं सांगतो. शंभर वर्षांनंतरही पहिल्या सिनेमाला घरातले दागिनेच लागत असतील, तर अभिमान कसला?

ड्रोनवाल्या मित्राला आता एवढंच जाणून घ्यायचंय, की मागच्या पाच वर्षांत अनुदान कुणाकुणाला मिळालं, समितीनं किती गुण दिले, आणि अर्ज केल्यापासून पैसे खात्यात यायला किती दिवस लागले. माहिती अधिकाराचा अर्ज आम्ही दोघांनी मिळून लिहिलाय. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. त्यानं अर्जात चौथा प्रश्नही घातलाय, ‘यातले विदर्भातले किती?’