टीसी घ्यायचा, पण कुठला?

कॉलेजात ‘टीसी’ म्हटलं की पोटात गोळा येतो; कुणीतरी कॉलेज सोडून चाललंय असंच वाटतं. पेडणे स्टेशनावर म्हटलं तर काळा कोट घातलेला तिकीट तपासनीस. मी ज्या टीसीबद्दल लिहितोय तो तिसराच. कॅमेरा आणि लेन्स यांच्या मधोमध बसवायचा, वाटीएवढा, आत काचा असलेला नळा. पूर्ण नाव टेलिकन्व्हर्टर. मराठीत याला रुळलेला शब्द नाही. ‘दूरवर्धक’ म्हणून पाहिलं, पण मंडळाच्या बैठकीत सगळे हसले, तेव्हा टीसीच म्हणूया.

साहित्य मंडळाच्या अंकात हा विषय कशाला, असं कुणी विचारील. आपल्यातलीच पाचसहा मुलं हिवाळ्यात पहाटे उठून मये तळ्यावर, नार्व्याच्या फेरीधक्क्यावर, मोरजीच्या वाळूवर कॅमेरे घेऊन जातात. नाताळच्या सुट्टीत तर विचारूच नका. परत आल्यावर सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, “टीसी लायलो जाल्यार सवणें लागीं दिसतलें न्ही?” आणि त्याच्या पाठोपाठ, “दुडू कितले?” पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं आहे, पण त्या ‘हो’मागे बऱ्याच अटी आहेत. दुसऱ्याचं उत्तर त्या अटी कळल्यावरच द्यावं.

टीसी काय करतो? लेन्सने कॅमेऱ्यात पाडलेल्या चित्राचा मधला भाग तो मोठा करून देतो. १.४ पटीचा टीसी ५०० मिमी लेन्सला ७०० मिमी करतो, दुप्पट करणारा १००० मिमी करतो. लेन्सचं तोंड मात्र होतं तेवढंच राहतं, उजेड तेवढाच आत येतो आणि तोच आता मोठ्या चित्रावर पसरावा लागतो. हिशेब सोपा आहे. एफ क्रमांक म्हणजे फोकल लांबी भागिले उजेड आत घेणाऱ्या छिद्राचा व्यास. ५०० मिमी एफ/५.६ लेन्समध्ये तो व्यास सुमारे ८९ मिमी. आता ७०० ला ८९ ने भागा, ७.९ येतं, म्हणजे एफ/८. उजेड निम्मा झाला, फोटोग्राफर ज्याला ‘एक स्टॉप गेला’ म्हणतात तो हा. दुप्पट टीसी लावला तर दोन स्टॉप जातात, उजेड पाव उरतो.

कागदावर हे किरकोळ वाटतं. मये तळ्यावर सकाळी धुकं उठत असताना पाणकावळा पंख पसरून बसलाय, आणि एफ/५.६ वर सेकंदाचा हजारावा भाग मिळवायला आयएसओ १६०० लागतोय असं धरा. १.४ चा टीसी लावला की तो ३२०० होतो, दुप्पट लावला की ६४००. पक्षी मोठा झाला खरा, पण त्याच्या पिसांवर रवा सांडल्यासारखे दाणे आले. वर ७०० मिमीला हातही जास्त हलतो. म्हणून उडणाऱ्या पक्ष्यासाठी पहाटेच्या वेळी टीसी पिशवीतच बरा, असं माझं मत.

आता निवडीकडे. लोक सुरुवात ‘१.४ की २’ या प्रश्नाने करतात. त्याच्या आधीचा प्रश्न असा, की तुमच्या लेन्सला टीसी बसतो का? बहुतेकांच्या हातात ७०-३०० किंवा ५५-२५० असते, कॅमेऱ्याबरोबर आलेली किंवा मामाने दिलेली. कॅननच्या ईएफ ७०-३०० एफ/४-५.६ सारख्या लेन्सला कॅननचाच टीसी बसत नाही. टीसीची पुढची काच नळ्याच्या बाहेर आलेली असते, ती लेन्सच्या मागच्या काचेवर आपटेल. महागड्या लेन्सचीही हमी नाही. कॅननची आरएफ १००-५०० एवढी नावाजलेली, पण टीसी लावायचा तर ती आधी ३०० मिमीपर्यंत बाहेर काढावी लागते आणि टीसी असेपर्यंत त्याच्या आत ढकलता येत नाही. १.४ लावल्यावर ती ४२० ते ७०० मिमी होते, शेवटच्या टोकाला एफ/१०. सोनीवाल्यांची गंमत वेगळीच: सोनीची स्वतःची २००-६०० टीसी घेते, पण त्याच माउंटची सिग्मा किंवा टॅमरॉनची झूम स्वस्त पडते म्हणून घेतली, तर तिला लावायला टीसीच मिळत नाही. लेन्स घेतानाच हे विचारून ठेवावं.

केन्कोसारख्या इतर कंपन्यांचे टीसी पुष्कळ लेन्सना बसतात, कारण त्यांची काच तशी पुढे आलेली नसते. पण बसणं वेगळं आणि चालणं वेगळं. इथे दुसरी अट येते, ती कॅमेऱ्याच्या ऑटोफोकसची. आरशाच्या जुन्या कॅमेऱ्यांत, म्हणजे डीएसएलआरमध्ये, फोकस करणाऱ्या यंत्रणेला ठराविक उजेड लागतो. कॅनन १५००डी सारख्या सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत ही मर्यादा एफ/५.६ ला संपते. निकॉन डी७२०० मध्ये एफ/८ ला एकच बिंदू चालतो, मधला. मिररलेस कॅमेरे या बाबतीत खूप पुढे गेलेत, एफ/११ लाही ते निमूट फोकस करतात. म्हणून डीएसएलआर असेल तर आपल्या लेन्सचा शेवटच्या टोकाचा एफ क्रमांक १.४ ने गुणा, आणि आलेलं उत्तर कॅमेऱ्याच्या पुस्तिकेतल्या मर्यादेशी ताडून पाहा. दुकानात जायच्या आधी, घरी बसून.

मोरजीची एक ज्युनिअर आहे, तिची गोष्ट सांगतो. शापोरा नदी समुद्राला मिळते तिथल्या वाळूच्या पट्ट्यावर हिवाळ्यात कुरवांचे मोठे थवे उतरतात. त्यातल्या एकाच्या पायात तिला रंगीत कडं दिसलं, वर काहीतरी अक्षरं. अशी अक्षरं वाचून कळवली की पक्ष्याला कडं कुठे नि कधी घातलं ते समजतं, एका पक्ष्याचा प्रवास उलगडतो. तिच्याकडे ७०-३०० आणि २४ मेगापिक्सेलचा साधा डीएसएलआर. शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे ती बाहेरच्या कंपनीच्या टीसीवर घालायला निघाली होती. सगळी बचत त्यात जाणार होती, तेव्हा आम्ही आधी कागद घेऊन बसलो.

पक्षी ५० मीटरवर आहे, कडं एक सेंटिमीटर उंच आहे असं धरलं. ३०० मिमी लेन्सने त्या कड्याचं चित्र सेन्सरवर ०.०६ मिमीचं पडतं. तिच्या सेन्सरवर एका मिलिमीटरात सुमारे २५५ पिक्सेल, म्हणजे अख्खं कडं १५ पिक्सेलमध्ये. त्यात अक्षर वाचणं कठीण. १.४ चा टीसी लावला तर २१ पिक्सेल, पण लेन्स शेवटच्या टोकाला एफ/८ वर जाणार, तिचा कॅमेरा फोकस सोडणार आणि तिथे आधीच मऊ असलेली लेन्स आणखी मऊ होणार. टीसी लेन्सचे गुण मोठे करतो तसे दोषही. ५०० मिमीची लेन्स टीसीशिवाय २५ पिक्सेल देते, टीसीसकट ३६. आणि तिचीच ३०० मिमी, पक्षी २५ मीटरवर आला तर? ३० पिक्सेल, फुकटात!

पण २५ मीटर गाठायला चालत गेलात तर थवा उडतो. हजारो मैल उडून आलेल्या पक्ष्याला आपल्या एका फोटोपायी उठवणं मला पटत नाही. त्यापेक्षा पक्ष्यालाच जवळ येऊ द्यावं. भरती चढते तसा वाळूचा पट्टा अरुंद होतो आणि थवा कोरड्या भागाकडे सरकत येतो. तिचे बाबा मासेमारीतले, भरतीच्या वेळा त्यांना तोंडपाठ. आधी जाऊन, खाली बसून, न हलता थांबायचं ठरलं. टीसी रद्द झाला. ते पैसे आता जुन्या पण चांगल्या २००-५०० साठी बाजूला आहेत.

मग टीसी घ्यावाच कुणी? मी डिचोलीचा, आणि आमच्याकडे त्याचा खरा उपयोग दिसतो. शिरगाव-मुळगावच्या बाजूला खाणींचे खड्डे पाण्याने भरलेत, काठ उभे नि ठिसूळ. पलीकडच्या काठावर बसलेल्या पक्ष्याकडे पायी जायची सोयच नाही आणि जाऊही नये. मोरजीला वनखातं कासवांची घरटी कुंपण घालून राखतं, तिथेही लांबूनच बघायचं. अशा ठिकाणी, सूर्य वर आल्यावर, तिपाईवर चांगली लेन्स नि १.४ चा टीसी यांची जोडी जमते. माझ्याकडे निकॉनची २००-५०० आणि निकॉनचाच १.४ आहे, ७०० मिमी एफ/८ होतं, डी७२०० चा मधला बिंदू पुरतो. त्याच लेन्सला दुप्पट लावला तर एफ/११, म्हणजे या कॅमेऱ्यावर हाताने फोकस. झूम लेन्स असेल तर दुप्पट टीसी घेऊच नका असं मी सरळ सांगतो. तो ३०० किंवा ४०० मिमी एफ/२.८ वाल्यांनी घ्यावा, आणि ती माणसं मला विचारायला येत नाहीत.

आणखी एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. टीसी लावला तरी लेन्स जितक्या जवळून फोकस करायची तितक्याच जवळून करते. म्हणजे पावसाळ्यानंतर शेताच्या बांधावरचे चतुर नि फुलपाखरं १.४ पट मोठी मिळतात, तीही त्यांना न उडवता.

घेण्याआधी कुणाचा तरी मागून आणून तपासावा. चिऱ्याची भिंत यासाठी फार सोयीची. तिच्यावर वर्तमानपत्राचं पान चिकटवा, २० मीटरवर तिपाई लावा. एक फोटो नुसत्या लेन्सने, एक टीसी लावून. दोन्ही एफ/८ वर, मग दोन्ही एफ/११ वर. पहिला संगणकावर १.४ पट मोठा करून दुसऱ्याच्या शेजारी ठेवा. छोट्या जाहिरातींची अक्षरं दोन्हीत सारखीच वाचता आली तर टीसीने काहीच दिलं नाही, मोठं करायचं काम संगणकावरही झालं असतं. हे सकाळी लवकर करा. दहानंतर वाळूवरून, आगरवाड्याच्या मिठागरांवरून हवा थरथरायला लागते आणि ती थरथरही टीसी मोठी करून दाखवतो. मग दोष लेन्सचा की उन्हाचा तेच कळत नाही.

राहिली निगा. टीसी लावताना एकाऐवजी दोन जोड उघडे पडतात. किनाऱ्यावर वारा असताना तो काढूघालू नका, गाडीत बसून काच वर करून करा. जूनमध्ये तो लेन्सबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा, आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या सुकवून परत घाला. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात काचेवर बुरशी धरते, आणि टीसीच्या काचा लहान असल्या तरी तिथे ती तितक्याच आवडीने वाढते.