हळद्याला रोखणारी रानभेंडी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

चाळीसगाव तालुक्यात कापूस आणि मक्याच्या जोडीला चार सऱ्या भेंडी लावणारे अनेक आहेत. तोडा ऐन भरात असताना पाने पिवळी पडू लागली की एकाच वाक्यात निदान आणि उपाय होतो : ‘खत कमी पडलं, फवारा मारू.’ हळद्या नावाच्या या रोगाबद्दल आणि बांधावरच्या रानभेंडीबद्दलही बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : पाने पिवळी पडली म्हणजे खताची कमतरता किंवा बुरशी.
वस्तुस्थिती : शिरांकडे पाहा. लोह कमी पडले तर शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. हळद्यात उलटे होते, आधी शिराच पिवळ्या पडतात. हा विषाणूजन्य रोग पांढरी माशी पसरवते. लागण झालेले झाड कोणत्याही बुरशीनाशकाने किंवा खताने बरे होत नाही. मुंबई इलाख्यात त्याची नोंद १९२४ सालीच झाली होती.

गैरसमज : रानभेंडी म्हणजे निरुपयोगी तण.
वस्तुस्थिती : परभणीच्या कृषी विद्यापीठात एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी ‘पुसा सावनी’ या लोकप्रिय वाणाचा ‘अ‍ॅबेलमॉस्कस मॅनिहॉट’ या रानटी जातीशी संकर केला. रानटी जातीतली हळद्याची प्रतिकारशक्ती एकाच प्रभावी जनुकावर अवलंबून असल्याचे त्यांनी १९८१ मध्ये मांडले. त्यातून घडलेला ‘परभणी क्रांती’ हा वाण १९८६ मध्ये शास्त्रीय नियतकालिकातून जगापुढे आला आणि देशभर पेरला गेला.

गैरसमज : रानटी जातीचा गुण घातला म्हणजे ते बीटीसारखेच बियाणे.
वस्तुस्थिती : बीटी कपाशीत मातीतल्या जिवाणूचे जनुक प्रयोगशाळेत घातलेले असते. परभणी क्रांती मात्र हाताने केलेल्या परागीभवनातून आला. असे दूरच्या नात्यातले संकर सोपे नसतात. पहिल्या पिढीचे झाड बहुधा धड बी धरत नाही. म्हणून लागवडीच्या भेंडीशी पुन्हा पुन्हा संकर करून, पिढ्यान्‌पिढ्या निवड करावी लागते. तेव्हा कुठे रानटीपणा जातो आणि प्रतिकार राहतो. हा सरळ वाण आहे, हायब्रीड नाही. शुद्धता जपली तर शेतकरी घरचे बी धरू शकतो.

गैरसमज : कोणतीही रानभेंडी रोगाला दाद देत नाही.
वस्तुस्थिती : ‘रानभेंडी’ या एका नावाखाली अनेक जाती मोडतात. काही टिकाव धरतात, काहींवर हळद्या येतो. एकाच जातीच्या दोन ठिकाणच्या झाडांतही फरक पडतो. म्हणून पिकात उगवलेली रानभेंडी काढणेच बरे. जपायची ती डोंगरउतारावर, पडीक रानात आणि जनुकपेढीत.

गैरसमज : प्रतिकारक वाण मिळाला की काळजी मिटली.
वस्तुस्थिती : पुसा सावनीही सुरुवातीला हळद्याला तोंड देत होता, पुढे बळी पडू लागला. परभणी क्रांतीचा प्रतिकारही आता अनेक भागांत कमी पडतो, कारण विषाणू बदलत राहतो. बटाट्याचेही तेच झाले. १८४५ पासून आयर्लंडमध्ये दुष्काळ आणणाऱ्या करप्याविरुद्ध मेक्सिकोतल्या ‘सोलॅनम डेमिसम’ या रानटी बटाट्याची जनुके वापरली गेली. करप्याच्या रोगकारकाने तीही एकेक करून निष्प्रभ केली आणि संशोधकांना दुसऱ्या रानटी जातींकडे वळावे लागले. रानटी जातींचा साठा म्हणजे बियाण्याची कणगी. ती रिकामी झाली तर पुढच्या रोगाला उत्तर नाही.

शेतात करायचे ते एवढेच : शिफारशीत प्रतिकारक वाण निवडा, पिवळे चिकट सापळे लावा आणि रोगट झाड दिसताच उपटून नष्ट करा. हळद्याने पिवळ्या पडलेल्या भेंडीशेजारी एखादी रानभेंडी हिरवीगार उभी दिसली, तर तिला विळा लावण्याआधी जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्राला जरूर कळवा.