मोटरहोममधील वीजवापर

मोटरहोम म्हणजे निजणे, स्वयंपाक व स्वच्छतागृह यांची सोय असलेले मोटारवाहन. महाराष्ट्रात ते बहुधा कॅरॅव्हॅन या नावाने ओळखले जाते. मुक्कामी असताना त्याला बाहेरील जोडणीतून २३० व्होल्टची वीज मिळते. एरवी दिवे, पंखे व पाण्याचा पंप १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले. मात्र खास कॅरॅव्हॅनतळ नसलेल्या ठिकाणी मुक्काम कृषी पर्यटन केंद्रात वा एखाद्याच्या शेतात पडतो आणि तेथील वीजपुरवठ्याशी जुळवून घ्यावे लागते.

भाराचे गणित

१६ अँपिअरच्या सॉकेटमधून जास्तीत जास्त ३,६८० वॅट भार घेता येतो. एक टनी वातानुकूलक (सुमारे १,२०० वॅट), गिझर (२,००० वॅट) व इंडक्शन शेगडी (१,८०० वॅट) एकाच वेळी चालवल्यास भार ५,००० वॅटवर, म्हणजे सुमारे २२ अँपिअरवर जातो व एमसीबी पडतो. उपाय साधा आहे: आधी पाणी तापवावे, मग शेगडी लावावी. बॅटरीवर मात्र उष्णता निर्माण करणारी उपकरणे टाळलेलीच बरी. १,५०० वॅटची किटली इन्व्हर्टरमार्फत १२ व्होल्टच्या बॅटरीतून १२५ अँपिअरहून अधिक प्रवाह खेचते.

शेतातील मुक्काम

बारामती तालुक्यातील माळेगाव बुद्रुक हे उसाच्या बागायती पट्ट्यातील गाव. अशा भागात एकाच रोहित्रावरील अनेक कृषिपंप एकदम सुरू झाले की व्होल्टेज उतरते. १८० व्होल्टवर २,००० वॅटचा गिझर जेमतेम १,२२५ वॅट देतो. पाणी उशिरा तापते, एवढेच. साध्या वातानुकूलकाचा कॉम्प्रेसर मात्र अधिक प्रवाह ओढून तापतो व जळूही शकतो. म्हणून जोडणीपूर्वी व्होल्टेज मोजावे आणि ते फार कमी असल्यास वातानुकूलक बंदच ठेवावा. शेतीपंपांना थ्री-फेज वीज ठरावीक तासच मिळते. शिवाय कृषी जोडणीवरून पर्यटकांना वीज देणे हा वीज अधिनियम, २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरू शकतो व त्याची आकारणी यजमान शेतकऱ्याच्या माथी येते.

याहून गंभीर प्रश्न अर्थिंगचा. गाडी रबरी चाकांवर उभी असल्याने जमिनीपासून विलग असते. आतील एखादी तार सांगाड्याला टेकली आणि अर्थिंग तुटलेले असले, तर सबंध गाडी विद्युतभारित होते. आत बसलेल्याला काहीच जाणवत नाही. ओल्या जमिनीवर उभे राहून दाराला हात लावणाऱ्याला मात्र प्राणघातक धक्का बसू शकतो. केवळ एमसीबी यापासून वाचवत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो आणि सॉकेटमधील अर्थिंग प्रत्येक नव्या मुक्कामी तपासावे लागते. जोडवायर तांब्याची व पुरेशा जाडीची असावी आणि वापरताना पूर्ण उलगडावी, कारण गुंडाळलेल्या वायरीतील उष्णता बाहेर पडत नाही व तिचे आवरण वितळते.